कशात बघून लिहू? पहिली-दुसरीच्या लेखनाविषयी एक खुले पत्र

प्रति,
आमच्या तालुक्यातील प्राथमिक शिक्षण विभागाचे सन्माननीय अधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक यांस,

स. न. वि. वि.

यंदा शाळा सुरू होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच आपल्या कार्यालयातून एक परिपत्रक निघाले. पहिली आणि दुसरीच्या प्रत्येक मुलाने रोज एक पान शुद्धलेखन लिहावे, ते चाररेघी वहीत असावे, वहीत खाडाखोड नसावी, चुकलेला शब्द शिक्षकांनी त्याच दिवशी दुरुस्त करून मुलाकडून पाच वेळा लिहून घ्यावा आणि महिनाअखेरीस केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, वह्या तपासून पानांची संख्या विहित नमुन्यात नोंदवावी, असे त्यात म्हटले आहे. त्याच परिपत्रकाच्या सहाव्या मुद्द्यानुसार, ज्या वहीत दुरुस्त न केलेली चूक आढळेल त्या वहीबद्दल संबंधित शिक्षकाचा खुलासा मागवला जाणार आहे. या निर्णयाविषयी मी जुलैमध्ये लेखी निवेदन दिले. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र अद्याप आलेले नाही. म्हणून तेच म्हणणे आता सर्वांना वाचता येईल अशा रीतीने आणि थोड्या विस्ताराने मांडत आहे. तालुक्याचे किंवा कोणाही व्यक्तीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण असाच निर्णय उद्या शेजारच्या तालुक्यातही निघू शकतो आणि हे पत्र तिथल्या पालकांच्याही उपयोगी पडावे अशी माझी इच्छा आहे.

मी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांमध्ये ३१ वर्षे शिकवले. पहिली ९ वर्षे जावळीच्या खोऱ्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत गेली, पुढची बरीच वर्षे माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात आणि अखेरची कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावात. बहुतेक सर्व वर्षे माझ्याकडे पहिलीचा किंवा दुसरीचा वर्ग असे आणि तो मी मागून घेत असे. आता निवृत्त आहे. माझा नातू आपल्याच अखत्यारीतील एका शाळेत दुसरीत शिकतो. त्याच्या बाई कष्टाळू आहेत, मुलांना जीव लावणाऱ्या आहेत, आणि या पत्रातील एकही तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही, हे आधीच स्पष्ट करते.

राखी पौर्णिमेला मिरजेच्या आत्याच्या मुलीने टपालाने त्याला राखी पाठवली. मी त्याच्या हाती एक पोस्टकार्ड दिले आणि म्हटले, ताईला चार ओळी लिही. त्याने पेन्सिलीला टोक केले, कार्ड सरळ ठेवले, डावीकडे समासाची रेघ ओढली, वरच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि मग बराच वेळ तो तसाच बसून राहिला. शेवटी त्याने मला विचारले, “आज्जी, कशात बघून लिहू?” त्या दिवसापर्यंत त्याच्या शुद्धलेखनाच्या वहीत ४३ पाने लिहून झाली होती. प्रत्येक पानाखाली बरोबरची खूण होती आणि बहुतेक ठिकाणी ‘छान’ असा शेराही होता. त्या प्रश्नाने मला हे पत्र लिहिण्यास भाग पाडले.

माझी पहिली आणि मुख्य हरकत अशी की, आपल्या परिपत्रकात ज्याला लेखन म्हटले आहे ते उतरवून काढणे आहे. लिहिण्यासाठी मुलाजवळ आधी सांगण्यासारखे काहीतरी असावे लागते. ते मनात धरून त्याचे शब्द करावे लागतात, शब्दातले आवाज एकामागून एक ऐकावे लागतात, त्या आवाजांची अक्षरे आठवावी लागतात आणि मग ती हाताने कागदावर उमटवावी लागतात. पुस्तकात बघून पान उतरवताना यातील शेवटचे काम तेवढे मूल करते, बाकीची सगळी कामे दुसऱ्या कोणीतरी आधीच केलेली असतात. अक्षरांचे वळण बसण्यासाठी थोडे अनुलेखन हवे, हे मी नाकारत नाही, आणि त्याविषयी पुढे लिहीतच आहे. परंतु वर्षभर केवळ तेच करून घेतले, तर मूल ‘लिहिणे’ या शब्दाचा अर्थच ‘बघून काढणे’ असा करून बसते. माझ्या नातवाने तो तसा केलेला आहे.

उतरवून काढल्याने निदान तो शब्द तरी पक्का होतो, असे आपण म्हणाल. यावर मी एवढेच सुचवते की, एकदा एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसून, ‘कमळ’ हा शब्द पाच वेळा लिहिणारे मूल प्रत्यक्ष पाहावे. ते आधी एकाखाली एक पाच वेळा ‘क’ लिहिते, मग त्यांच्या शेजारी पाच ‘म’ आणि शेवटी पाच ‘ळ’. पान भरते, अक्षर सुबक येते, आणि ‘कमळ’ हा शब्द त्या मुलाने एकदाही लिहिलेला नसतो. मूल यात लबाडी करत नसते. निरर्थक काम लवकर संपवण्याची ही शहाणी युक्ती आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी आपापली शोधून काढलेली आहे.

दुसरी हरकत वयाची आणि शरीराची आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि पुढे वर्षानुवर्षे एकेक करून घट्ट होत जातात. शेवटचे, वाटाण्याएवढे हाड पक्के व्हायला साधारण नऊ ते बारा वर्षांचे वय उजाडते. सहा वर्षांच्या मुलाला पेन्सिल तीन बोटांत नुकतीच नीट धरता येऊ लागलेली असते, आणि आपल्या लिपीतली गोलाई, गाठी, तिरक्या रेघा आणि वरची आडवी रेघ सांभाळताना त्याचा सगळा जोर बोटांच्या टोकाशी येतो. अर्धे पान झाले की मुले मूठ उघडतात-मिटतात, पेन्सिल चार बोटांत धरतात, इतकी दाबतात की टोक तुटते, आणि मग टोक करायला कचऱ्याच्या डब्याशी जाऊन उभी राहतात. त्यात आपण टाळाटाळ पाहतो, पण ते दुखणे असते. आपल्या जुन्या शाळांत आधी धुळाक्षरे गिरवली जात, चिंचोके मांडून अक्षर केले जाई. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीत हात, डोळे आणि कान यांना आधी भरपूर काम दिले, पेन्सिलीची घाई केली नाही. आज अंगणवाडीतल्या चार वर्षांच्या मुलांच्या हातीही चाररेघी वही आलेली मी पाहते. वर्षभराने पहिलीत पान भरावे लागणार, म्हणून आयाच तो आग्रह धरतात. वरच्या वर्गात एक पान ठरवले की त्याचे ओझे खाली खाली सरकत जाते, ते असे.

डावखुऱ्या मुलांचा उल्लेख परिपत्रकात कुठेही नाही. डाव्या हाताने लिहिताना लिहिलेल्या अक्षरांवरूनच हात पुढे सरकतो, शिसे पसरते आणि पान काळवंडते. ‘खाडाखोड नसावी, पान स्वच्छ असावे’ या अटीपायी यंदा दोन घरांतून मुलाचा हात बदलण्याचा प्रयत्न सुरू झाल्याचे मी स्वतः ऐकले आहे. हे थांबवण्यासाठी आपली एक ओळ पुरेशी आहे.

आता सहाव्या मुद्द्याकडे येते, कारण मला सर्वांत अधिक दुःख त्याचे आहे.

१९९४ सालची गोष्ट आहे. जावळीच्या त्या शाळेत माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती. वर्गात ती फारशी बोलत नसे. मार्चच्या अखेरीस एके सकाळी तिने स्वतःहून वहीच्या मागच्या पानावर तीन ओळी लिहून माझ्यापुढे धरल्या. ‘कपिली याली’, त्याखाली ‘खोड झाला’ आणि त्याखाली ‘दादा हासल’. मी लाल पेन घेतले. ‘कपिली’भोवती गोल करून ‘कपिला’ लिहिले, ‘याली’चे ‘व्याली’ केले, ‘खोड’वर अनुस्वार दिला, ‘हासल’च्या जागी ‘हसले’ लिहिले आणि खाली ‘पूर्णविराम दे’ असा शेरा मारला. मी रागावले नव्हते. त्या वेळी मला शिक्षिकेचे कर्तव्य म्हणजे तेवढेच ठाऊक होते. मुलीने वही घेतली, जागेवर जाऊन बसली, आणि त्या वर्षात तिने पुन्हा स्वतःहून एक शब्दही लिहिला नाही. शाळेत आल्यापासून नऊ महिन्यांनी तिने पहिल्यांदा मला काही सांगितले होते, घरात गाय व्याली होती, वडील हसले होते, आणि मी तिला त्या खोंडाविषयी एक प्रश्नही विचारला नाही. पुढे तिच्या आईकडून कळले की गाईचे नाव ‘कपिली’च होते. म्हणजे ते मुळात चुकलेलेच नव्हते, आणि दुसऱ्याच्या गाईचे नाव बदलण्याचा मला काहीही अधिकार नव्हता.

त्या तीन ओळींत त्या मुलीला काय काय येत होते, ते मला पुष्कळ उशिरा दिसले. तिला वाक्य कळत होते, घटनांचा क्रम कळत होता, काना आणि वेलांटी ऐकून देता येत होती. वडिलांसाठी आमच्या भागात आदराने ‘हासलं’ म्हणतात, ते तिने कानाने अचूक पकडले होते, डोक्यावरचा एक टिंब तेवढा राहिला होता. मुलांच्या चुका अशाच असतात. ‘कि’ लिहिताना तोंडातून आधी ‘क’ येतो आणि मग ‘इ’, पण आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते. मूल उच्चाराच्या क्रमाने जाते, आधी ‘क’ लिहिते, वेलांटी नंतर देते, आणि ती दीर्घ दिसते. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’ ऐकू येतो ‘य’च्या आधी आणि लिहायचा असतो ‘य’च्या डोक्यावर. मूल ‘सुरय’ लिहिते. यातल्या प्रत्येक ठिकाणी मूल नेमका कोणता विचार करत आहे, हे शिक्षकाला उघड दिसते, आणि पुढचा धडा कशाचा घ्यायचा तेही कळते. स्वच्छ उतरवलेल्या पानावरून, मुलाला डोळ्यांनी दिसते, यापलीकडे काहीही कळत नाही. चूक राहिलेल्या वहीबद्दल खुलासा मागवला जाणार असेल, तर शिक्षक अशी वही निर्माणच होऊ देणार नाहीत, आणि मुले जे स्वतःहून लिहू पाहतील ते वर्गाबाहेरच राहील.

बोलीचाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. ‘आमी रानात गेलतो’ असे लिहिणाऱ्या मुलाने वाक्य बरोबर लिहिलेले असते. ते आपल्या पुस्तकाच्या भाषेत नसते, एवढेच. प्रमाण मराठी मुलांना यायला हवी याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण ती गोष्टी ऐकून आणि पुस्तके वाचून तिसरी-चौथीपर्यंत येते. पहिलीतच घरच्या बोलीवर लाल रेघ मारली, तर मूल भाषा सुधारण्याऐवजी गप्प बसते. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची जी मुले चार-पाच महिने आपल्या वर्गांत येऊन बसतात, त्यांच्या घरी याहूनही वेगळी बोली असते, आणि त्यांच्याजवळ तर बहुधा चाररेघी वहीही नसते. विहित नमुन्यात त्यांच्या नावापुढे किती पाने लिहायची आहेत, तेही परिपत्रक सांगत नाही.

शिक्षकांच्या वेळेचा हिशेबही करून पाहावा. वर्गात २५ मुले असतील आणि एक पान नीट तपासून चुकलेले शब्द पुन्हा लिहून घ्यायला तीनच मिनिटे धरली, तरी रोज ७५ मिनिटे त्यात जातात. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात. ही ७५ मिनिटे कुठून येणार? ती गोष्ट सांगण्यातून, गाण्यातून, मुलांशी बोलण्यातून येतात, म्हणजे ज्यातून लिहायला काही मिळेल नेमके त्यातूनच. शिवाय जे टाळता येत नाही ते निभावून नेले जाते. दोन महिन्यांत मी अशी पाने पाहिली आहेत की ज्यांतले अक्षर उघड उघड आईचे आहे, आणि अशीही की जी खोडरबराने घासून घासून फाटलेली आहेत. केंद्रप्रमुखांच्या नमुन्यात दोन्ही पाने सारखीच मोजली गेली असतील.

पाने मोजण्याची ही ओढ कुठून येते, याचाही मी विचार केला आहे. ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू झाले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, लिहिता यावे आणि साधे गणित करता यावे, हा त्याचा हेतू चांगलाच आहे. त्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचण्याचे लक्ष्य आहे. वाचनाचा वेग घड्याळ लावून मोजता येतो, लेखन तसे मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याचा अहवाल वर पाठवता येत नाही. मग लेखनाचे जे मोजता येते ते, म्हणजे पान, मोजले जाते. पान दिले म्हणजे लेखन होते असे नाही, याचा अनुभव राज्याने अलीकडेच घेतला आहे. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पाने जोडण्यात आली, आणि त्यांचा अपेक्षित उपयोग होत नाही असे आढळल्यावर जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. मला स्वतःला ती कोरी पाने आवडली होती, पण त्यांच्यावर मुलाने स्वतःचे काय लिहायचे हे वर्गात कोणी दाखवलेच नाही, तर ती कोरी राहणार किंवा फळ्यावरच्या प्रश्नोत्तरांनी भरणार, हे उघड होते.

शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात, अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसे असावे हे सांगताना, मुलाला भय आणि दडपण यांपासून मुक्त ठेवावे आणि आपले विचार मोकळेपणाने मांडायला मदत करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. आपले विचार मांडणे हे शब्द मी पुन्हा अधोरेखित करते. परिपत्रकातल्या एकाही मुद्द्यात मुलाच्या विचाराला जागा नाही.

हे मी सातारा जिल्ह्यात राहून लिहीत आहे, याला माझ्या दृष्टीने विशेष अर्थ आहे. सावित्रीबाईंचा जन्म खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेत बालबोधीबरोबर, म्हणजे देवनागरीबरोबर, मोडी लिपीचे वाचन-लेखन शिकवण्याची मागणी केली. कागदपत्रे आणि हिशेब तेव्हा मोडीत चालत, आणि शिकलेल्या माणसाला आपला कागद आपणच लिहिता-वाचता यावा, हा त्यामागचा व्यवहार होता. त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. शाळेत काही वर्षेच शिकलेल्या मुलीने आपल्या लोकांचे दुःख आपल्या शब्दांत लिहिले आणि ते आज १७० वर्षांनीही आपण वाचतो. तिच्या वहीत शुद्धलेखनाची किती पाने होती, हे कोणाला माहीत नाही.

साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचा प्रवेश झाला. शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकासमोर त्या मुलाची स्वतःच्या हातची सही आहे, आणि शाळेने ते रजिस्टर जिवापाड जपले आहे. २०१७ पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आपल्या बहुतेक शाळांत काय होते? शिक्षक फळ्यावर दहा ओळींचे भाषण लिहून देतात, मुले ते उतरवून घेतात आणि पाठ म्हणतात. माझ्याही वर्गात असे झालेले आहे.

लहान मुलांकडून खरे लेखन करून घेता येते का, हा प्रश्न आपल्या मनात असेल तर त्याचे उत्तर शोधायला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि तिच्या कमला निंबकर बालभवनाने मराठी वाचन-लेखन कसे शिकवावे यावर गेली चार दशके काम केले आहे. सगळी मुळाक्षरे आणि सगळी बाराखडी संपेपर्यंत थांबायचे नाही, थोडी अक्षरे आणि थोडी स्वरचिन्हे एकदम घेऊन त्यांतून अर्थाचे शब्द करायचे, आणि मुलांना सुरुवातीपासून आपल्या मनातले लिहू द्यायचे, ही रीत मी त्यांच्याकडूनच शिकले. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयातही मुलांच्या अनुभवाला असेच मोठे स्थान होते.

माझ्या वर्गातली रीत साधी होती. त्या मुलीच्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी मी ती सुरू केली. रोज सकाळी एक मूल घरची किंवा वाटेवरची बातमी सांगे, आणि मी ती त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिही. ‘आमच्या विहिरीत साप पडला व्हता’ असे त्याने सांगितले तर तसेच लिही. सगळे ती बोट ठेवून वाचत. मग प्रत्येकाला कोऱ्या, बिनरेघी वहीत वीस मिनिटे आपापले काही काढायला आणि लिहायला मिळे. जूनमध्ये नुसती चित्रे असत, ऑगस्टमध्ये चित्राखाली एखादे अक्षर किंवा नाव येई, दिवाळीनंतर तुटके वाक्य, आणि मार्चपर्यंत बहुतेक मुले चार-सहा ओळी लिहीत. वहीवर मी लाल रेघ मारत नसे, खाली एक प्रश्न लिही. ‘मग साप कोणी बाहेर काढला?’ त्याचे उत्तर लिहायला मूल दुसऱ्या दिवशी स्वतःहून वही उघडे. पुष्कळ मुलांत एकच चूक दिसली, तर ती दुसऱ्या दिवशी फळ्यावर सर्वांसाठी घेत असे. अक्षराच्या वळणासाठी आठवड्यातून दोन वेळा, दहा-दहा मिनिटे, सारख्या वळणाची अक्षरे एकत्र घेत असू, ग-म-भ-न एके दिवशी, व-ब-क दुसऱ्या. सगळे सुरळीत झाले असा दावा मी करत नाही. काही मुलांचे ऱ्हस्व-दीर्घ चौथीतही चुकत असे, काहींचे अक्षर शेवटपर्यंत ओबडधोबडच राहिले. परंतु माझ्या वर्गातले एकही मूल पुढ्यात कोरा कागद आल्यावर, कशात बघून लिहू, असे विचारत नव्हते.

नातवाच्या पोस्टकार्डाचे काय झाले तेही सांगते. मी त्याला विचारले, राखी कुठे आहे? तो म्हणाला, मोतीने ती चावून टाकली. मी म्हटले, तेच लिही. त्याने आश्चर्याने विचारले, “असलं लिहिलेलं चालतं?” आणि मग त्याने लिहिले : ‘ताई राखी मिळली. मोतीन चावली. मी त्याला मारल नाही. दुसरी पाटव.’ मी ते कार्ड जसेच्या तसे पेटीत टाकले. आपल्या परिपत्रकाप्रमाणे त्यातले चार शब्द त्याच्याकडून पाच-पाच वेळा लिहून घ्यायला हवे होते.

आता माझ्या मागण्या. त्या सर्व आपल्या अधिकारात आहेत आणि बहुतेकींना पैसे लागत नाहीत.

पहिली ते दुसरीसाठी रोज एक पानाची सक्ती आणि त्याच्या पानमोजणीचा नमुना दिवाळीच्या सुटीपूर्वी मागे घ्यावा. परिपत्रकातला सहावा मुद्दा पूर्णपणे रद्द करावा, आणि मुलांच्या स्वतंत्र लेखनातील चुका न सुधारता ठेवण्याची शिक्षकांना मुभा आहे, असे लेखी कळवावे. मुभा लेखीच असावी, कारण तोंडी सांगितलेले तपासणीच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

दुसऱ्या सत्रापासून प्रत्येक मुलाला एक कोरी, बिनरेघी वही मिळावी आणि वेळापत्रकात रोज वीस मिनिटे तिच्यासाठी राखून ठेवावीत. केंद्रप्रमुखांनी भेटीच्या वेळी पाने न मोजता कोणत्याही तीन मुलांचे जूनमधले आणि त्या महिन्यातले स्वतःचे लेखन शेजारी शेजारी ठेवून शिक्षकांशी त्यावर बोलावे. अर्धा तास लागेल, आणि त्यातून पन्नास नमुन्यांतून कळत नाही ते कळेल. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदांपैकी या वर्षातल्या किमान दोन याच विषयाला द्याव्यात आणि त्यांत फलटणच्या अनुभवी मंडळींना बोलवावे.

अंगणवाडीतल्या मुलांकडून चाररेघी वहीत लिहून घेऊ नये आणि डावखुऱ्या मुलांचा हात बदलू नये, अशी स्पष्ट सूचना संबंधितांना जावी. ज्या मुलाला पुरेसा वेळ देऊनही लिहिणे फार जड जाते, त्याला आळशी न म्हणता त्याची तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे आणि अशा मुलांचा मदतीवर हक्क आहे.

आणि येत्या ७ नोव्हेंबरला कोणत्याही शाळेत भाषण उतरवून देऊ नये. त्या दिवशी प्रत्येक मुलाने स्वतःचे नाव आणि स्वतःचे एक वाक्य स्वतःच्या हाताने लिहावे, आणि शाळेने ते कागद दप्तरी जपून ठेवावेत.

माझ्याजवळ माझ्या वर्गातल्या मुलांच्या २२ वर्षांच्या निवडक वह्या आहेत. त्यांतल्या तीन मुलांच्या, जून ते एप्रिलपर्यंतच्या, घेऊन मी सत्र संपण्यापूर्वीच्या शेवटच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आपल्या कार्यालयात येईन. आपण, केंद्रप्रमुख आणि ज्या शिक्षकांना यायचे असेल त्यांनी त्या पाहाव्यात, एवढी वेळ द्यावी. ज्या शाळांना ही रीत करून पाहायची असेल, तिथे शनिवारी सकाळी जाऊन पहिलीच्या वर्गासोबत बसायला मी तयार आहे. मानधन नको, एस.टी.ची सोय मी माझी पाहीन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा सातारा